फी माफ झाली, मग उरला ड्राफ्टर, माठ आणि दीड महिन्याचं जेवण

बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात मोठं टेन्शन फीचं होतं, आणि ते माझ्याच वर्षी सुटलं. ८ जुलै २०२४ चा तो सरकारचा जीआर (शासन निर्णय) आला ना, इडब्ल्यूएस, एसइबीसी आणि ओबीसी मधल्या मुलींसाठी, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी ती अर्धीच माफ व्हायची. पप्पांनी तो जीआर मोबाईलवर तीनदा वाचला आणि मग आईला म्हणाले, "आता राहायचं-खायचं तेवढं बघायचं." तेवढंच म्हणजे किती हे आम्हाला तिघांनाही तेव्हा माहिती नव्हतं. राहायचं, खायचं, वह्या, ड्रॉइंगच्या रेघा मारायचा ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, ॲप्रन, बादली, गादी, बसचा पास, हे सगळं त्या जीआरमध्ये येत नव्हतं आणि आमच्याकडं महिन्याला ठरलेले पैसे होते, त्याच्या वर एक रुपया मागायचा म्हणजे घरी कुणाचं तरी काहीतरी थांबणार हे मला दिसत होतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वही घातली, डाव्या पानावर काय घेतलं आणि उजव्या पानावर ते खरंच लागलं का. हे उजवं पान आईची आयडिया, ती किराणाची वही अशीच ठेवते.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. धनकवडीत कॉट बेसिसवर जागा मिळाली, तीन कॉटची खोली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बाहेरच्या एका दुकानात गेलो तर तिथं फर्स्ट इयरच्या पोरांसाठी छापील यादीच लावलेली, सगळे पालक तीच यादी दाखवून पिशव्या भरून घेत होते. पप्पा सोबत होते, त्यांना परत पाचची एसटी पकडायची होती, घाईत मी सगळ्या विषयांच्या जर्नल घेतल्या, फाईली घेतल्या, साडेसहाशे रुपये झाले. पुढं कळलं की दोन विषयांचं सबमिशन कॉलेजच्याच छापील मॅन्युअलमध्ये होतं आणि एकाचं ऑनलाईन, म्हणजे जर्नलपैकी निम्म्या तशाच पडून राहिल्या. उजव्या पानावर 'नाही लागलं' असं तीन ओळी सलग लिहिलं तेव्हा ठरवलं की सर वर्गात येऊन स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत आता काहीही घ्यायचं नाही. पंधरा दिवस थांबल्यानं कुणाचं काही अडत नाही, एखाद्या तासाला शेजारणीचं वापरायचं, एवढंच.

मग ड्राफ्टर. इंजिनिअरिंग ग्राफिक्सला मिनी ड्राफ्टर लागतो, शीट ठेवायला ते लांब डबडं म्हणजे कंटेनर लागतं, आणि हे सगळं एका वर्षानंतर कुणालाच लागत नाही, मेकॅनिकल-सिव्हिलवाले सोडून. हे लक्षात आलं तेव्हा मी सेकंड इयरच्या कॉम्प्युटरच्या मुलींना विचारायला गेले, ओळख एकीचीही नव्हती, कँटीनमध्ये जाऊन सरळ विचारलं, ताई तुमचा ड्राफ्टर आहे का, विकणार का. तिघींकडे होता, एकीचा तर गावी नेऊन माळ्यावर टाकलेला. नवा पाचशेला होता, मला दोनशेला मिळाला आणि कंटेनर पन्नासला. पण जुना ड्राफ्टर तपासून घ्यायला लागतो हे मला त्यातल्याच एका ताईनी शिकवलं, बोर्डला क्लॅम्प घट्ट करायचा, पट्टी आडवी ठेवून एक रेघ मारायची, मग तशीच खाली सरकवून दुसरी मारायची, परत वर आणून पहिल्या रेघेवर ठेवायची, तंतोतंत बसली पायजे. बसली नाही तर सांधे ढिले झालेत, असला ड्राफ्टर फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही कारण प्रत्येक शीट परत काढायला लागेल. पहिला जो बघितला तो असाच ढिला निघाला, म्हणून दुसरीकडचा घेतला.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर तेराशेचा सहाशेला मिळाला, त्याची सगळी बटणं एकेक दाबून बघितली आणि इंटिग्रेशनचं एक गणित घालून उत्तर ताडून पाहिलं. लॅबचा ॲप्रन शंभरला. धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून नव्यासारखा झाला. शीट आणि पेन्सिली मात्र नवीनच, त्या अप्पा बळवंत चौकातून आणल्या, आम्ही चौघींनी मिळून गठ्ठा घेतला त्यामुळं स्वस्त पडल्या. छापील यादीतल्या या वस्तू नव्या घेतल्या असत्या तर सव्वीसशेच्या आसपास गेले असते, माझे अकराशे दहा गेले.

पुस्तकांचं जरा वेगळं झालं. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात हे बार्शीत पण सगळ्यांना माहिती आहे, मी पण तेच डोक्यात धरून गेले होते, पण आमच्याच वर्षापासून युनिव्हर्सिटीचा नवा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम, लागू झालेला, २०२४ पॅटर्न, आणि जुन्या पुस्तकांवर सगळीकडं २०१९ पॅटर्न. दुकानदार म्हणत होते सेमच आहे घेऊन जा. मी सिलॅबसची प्रिंट सोबत नेली होती, तिथंच फुटपाथवर उभं राहून एकेक युनिट अनुक्रमणिकेशी जुळवलं. मॅथ्सचं बऱ्यापैकी जुळलं, ते घेतलं. बाकी दोन विषयांचं अर्धवट जुळत होतं, ते सोडून दिलं आणि लायब्ररीतनं काढलं. तुमच्या कॉलेजला बुक बँक आहे का ते पहिल्या आठवड्यातच लायब्ररीत जाऊन विचारा, आमच्याकडं होती आणि नोटीस बोर्डावर कोपऱ्यात एक कागद होता, तेवढाच, कुणी वर्गात येऊन सांगितलं नाही. सेमिस्टरभरासाठी पुस्तकं मिळतात. लेक्चर समजलं नाही तर एनपीटीइएल वर आयआयटीच्या सरांची लेक्चर फुकट आहेत, आणि लिहायला-टायपायला लिबरऑफिस फुकट आहे, त्याला पैसे लागत नाहीत. हे मी इतकं मोकळं सांगतीय कारण माझ्या वर्गातल्या एका मुलीनं क्लासला बारा हजार भरले, नंतर तिला कळलं की क्लासमध्ये शिकवत होते ती युनिट्स एनपीटीइएल वर जास्त चांगली आहेत, आणि तिचे पप्पा पण माझ्या पप्पांसारखेच आहेत.

घरातल्या वस्तूंसाठी तुळशीबाग. स्टीलची भांडी तिथं वजनावर मिळतात, आणि जुना बाजार, तो बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथनं मी टेबल लॅम्प आणि एक लोखंडी कढई घेतली. कढईला गंज होता, वीट आणि राख लावून घासली, तेल लावून तापवली, तीनदा केलं आणि ती आता आमच्या खोलीतली सगळ्यात चांगली वस्तू आहे. स्वारगेटहून मेट्रोनं मंडईला उतरलं की तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक सगळं चालत होतं, हे पण लक्षात ठेवा, एकाच फेरीत तीन कामं होतात, बसचे पैसे वाचतात.

आता जेवणाचं, आणि मला खरं याच्याबद्दलच लिहायचं होतं.

वर्षभर मेस होती. दोन वेळचे महिन्याला तीन हजार, खाडे धरायचे पण सलग तीन दिवसांपेक्षा जास्त गेलात तरच, म्हणजे शनिवार-रविवार घरी गेलं तर पैसे बुडायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मेसच्या काकांनी सांगितलं की घरात लग्न आहे, पंधरा तारखेपासून मेस बंद, जूनमध्ये बघू. आणि आमची पीएल, म्हणजे परीक्षेच्या आधीची सुट्टी, ती तोंडावर आलेली. पुण्यात तेव्हा चाळीसच्या वर तापत होतं. तिसरी मुलगी घरी गेली, राहिलो मी आणि चिपळूणची माझी रूममेट. हॉटेलात दोन वेळ खायचं तर दिवसाला दीडशे-दोनशे, ते शक्यच नव्हतं.

घरमालकीण काकूंना विचारलं, गॅस नको म्हणाल्या, इंडक्शन चालेल पण लाईट बिलाचे वेगळे तीनशे प्रत्येकी. मला आधी जास्त वाटलं, मग हिशोब केला, बाराशे वॅटचं इंडक्शन पंचवीस मिनिटं चाललं की अर्धं युनिट होतं, दिवसाला एक-सव्वा युनिट धरलं तरी काकूंना त्यात काही फार उरत नव्हतं, मग गप दिले. इंडक्शन जुनं घेतलं, नऊशेला, एक सिनिअर पास होऊन निघालेली तिच्याकडून. पण मी घरून कुकर आणला तो ॲल्युमिनियमचा, त्याच्यावर तो तापेचना. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. फ्रिजवर लावायचं ते मॅग्नेट घ्यायचं आणि भांड्याच्या बुडाला लावून बघायचं, चिकटलं तर चालतं. ही गोष्ट कुकर घेऊन पाच तास एसटीत बसायच्या आधी मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. जुन्या बाजारातली ती लोखंडी कढई मात्र लगेच तापली, आणि तुळशीबागेतनं एक मॅग्नेट चिकटणारं स्टीलचं पातेलं आणलं.

खोलीत फ्रिज नाही आणि खिडकी पश्चिमेला, चारनंतर भिंतीला हात लावला तर चटका. अशा खोलीत उभं राहून पोळ्या लाटायच्या, हे दोन दिवस केलं आणि दोघींना चक्कर आली. तेव्हा ठरवलं की सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासात जे काही तापवायचं ते तापवून घ्यायचं आणि नंतर दिवसभर इंडक्शनला हात लावायचा नाही. या एका नियमावर आमचा सगळा उन्हाळा निघाला.

पहिला आधार कडक भाकरीचा. सोलापूरकडच्या लोकांना सांगायला नको, ज्वारीची पातळ भाकरी परत तव्यावर आणि निखाऱ्यावर वाळवून पापडासारखी कडक करतात, ती महिनाभर टिकते. आज्जीनं पत्र्याच्या डब्यात साठ भाकरी भरून दिल्या आणि सोबत शेंगाचटणी. दुपारी भाकरी चुरायची, त्यावर ताक ओतायचं, पाच मिनिटं भिजू द्यायची, मीठ, कच्चा कांदा, शेंगाचटणी. शून्य मिनिटाचा स्वयंपाक, आणि पोटाला इतका थंडावा की त्यानंतर दोन तास अभ्यासाला बसता येतं. रूममेटनं पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिला चव कळली नाही, चौथ्या दिवशी तीच डबा काढून बसली.

दुसरी आंबील. रात्री दोन चमचे ज्वारीचं नाहीतर नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात भिजवून ठेवायचं, सकाळपर्यंत जरा आंबट होतं, मग दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतायचं आणि गुठळी होऊ न देता हलवत राहायचं, सात-आठ मिनिटांत शिजतं. पूर्ण गार झाल्यावरच ताक घालायचं, गरम असताना घातलं तर फाटतं. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. हा आमचा नाश्ता, दोघींचा मिळून दहा-बारा रुपयात.

दडपे पोहे रूममेटचे. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, साखर, हातानं नीट चुरून कालवायचं आणि वर ताटली घालून अर्धा तास दडपून ठेवायचं, ते ओलाव्यानंच मऊ होतात. तिच्याकडं नारळाचं पाणी शिंपडतात, इथं पुण्यात नारळ तेव्हा चाळीस रुपयाला, म्हणून आम्ही काकडी किसून तिचं पाणी वापरलं आणि खोबरं अर्धंच घातलं. तिला ते चालत नव्हतं आधी, पण मला विचाराल तर काकडीचे जास्त गार लागतात. वरून फोडणी फक्त एक चमचा तेलाची, मोहरी-हिंग-हळद, आणि खायच्या आधी भाजलेला पोह्याचा पापड चुरायचा.

दहीभात रोज रात्रीचा. याच्यातच आम्हाला फटका बसला होता. पहिल्या आठवड्यात सकाळी केलेला भात तसाच झाकून ठेवला, रात्री दही कालवून खाल्ला, वास नव्हता काही नव्हता, आणि रात्री दोघींची पोटं बिघडली, दीड दिवस अभ्यास गेला, ओआरएसची पाकिटं आणायला लागली. उन्हाळ्यात फ्रिज नसताना भात दिवसभर बाहेर ठेवायचा नाही, वास आला नाही तरी नाही. त्यानंतर आमच्या नियमाला एक सूट दिली, रात्री आठला उन्हं उतरल्यावर एक वाटी तांदळाचा भात, तेवढाच, लगेच संपवायचा. कोमट झाला की थोडं दूध घालून मऊ कालवायचा, मग दही, मग हिंग-जिरं-सांडगी मिरचीची फोडणी. मिरच्या आईच्या.

दही टिकवायला फ्रिज लागतो असं वाटतं पण नाही लागत. पसरट परातीत पाणी घालायचं, त्यात दह्याचं भांडं ठेवायचं, भांड्याभोवती ओलं सुती फडकं गुंडाळायचं, त्याचं टोक पाण्यात बुडलेलं पायजे, आणि वारा येतो तिथं ठेवायचं. पाणी उडून जाताना गारवा देतं, माठाचं जे तत्त्व तेच. एका दिवसाचं दही व्यवस्थित राहतं. माठ कुंभारवाड्यातून आणला, एकशेऐंशीला, तोटीचा महाग होता म्हणून साधा घेतला, खाली वाळू ओली करून ठेवली, नवा माठ पहिले दोन दिवस भरून ओतून द्यायचा म्हणजे मातीचा वास जातो. माठ आल्यापासून बाहेर थंड पाण्याची बाटली घेणं बंद झालं, वहीत बघितलं तर मार्चमध्ये माझे दोनशे चाळीस रुपये नुसत्या पाण्याच्या बाटल्यांवर गेलेले.

आणि कैऱ्या. मंडईत संध्याकाळी साडेसात-आठला गेलं की विकणाऱ्या मावशी उरलेला माल वाट्यावर देतात. तेव्हा वीस रुपयाला वाटा होता. डाग पडलेल्या असतात पण आम्हाला किसायच्याच होत्या. कैरीचा तक्कू, म्हणजे कैरी आणि कांदा किसून गूळ, तिखट, मीठ, वरून फोडणी, हा भाकरीसोबत, भातासोबत, नुसत्या पोळीसोबत पण. मेथांबा जास्त टिकतो, फोडणीत मेथ्या, कैरीच्या फोडी वाफवायच्या आणि त्यांच्या बरोबरीनं गूळ, आठवडाभर बाहेर राहिला काही झालं नाही. पन्ह्याचा गर करून ठेवायचा, उकडलेल्या कैरीच्या गराच्या दुप्पट गूळ, वेलची, मीठ, आणि अभ्यास करून डोकं तापलं की माठाच्या पाण्यात दोन चमचे. रूममेटच्या घरून आमसुलं आलेली, ज्या दिवशी कैरी नसेल त्या दिवशी ती भिजत घालायची, मीठ, साखर, जिरं, झालं सरबत.

एक गोष्ट जमली नाही ती आंबाडाळ. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवली पण वाटायला मिक्सर नाही, खलबत्त्यात कुटली, ती कुठं जाड कुठं बारीक, आणि घशात अडकत होती. परत केली नाही. मोड आलेली मटकी मात्र जमली, मेमध्ये एका रात्रीत मोड येतात, दोन मिनिटं वाफवून काकडी, कांदा, कैरीच्या किसात कालवली की संध्याकाळचं खाणं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला, मान्सून त्या वर्षी, २०२५ ला, खूपच लवकर आला पुण्यात, एका रात्रीत खोली गार झाली आणि आम्ही दोघींनी पहिल्यांदा संध्याकाळी गरम पिठलं केलं. त्या दिवशी बसून चाळीस दिवसांचा हिशोब काढला. किराणा, भाजी, दूध मिळून चार हजार सहाशे चाळीस, लाईटचे सहाशे, इंडक्शन, माठ आणि पातेलं धरून साडेसहा हजारच्या आत. मेस चालू असती तर दोघींचे आठ हजार गेले असते. वाचले दीड हजार, आणि घरून आलेल्या भाकरी-चटणी-मिरच्यांचे पैसे मी धरलेले नाहीत, ते धरले तर वाचलेले कमीच होतात. पण इंडक्शन आणि पातेलं पुढच्या वर्षाला आहे.

माझ्या वाटणीचे साडेसातशे मी लगेच खर्च केले नाहीत, त्यातनं पुढच्या सेमिस्टरची प्रिंट आणि शीट निघतील. ड्राफ्टर एका ज्युनिअरला दोनशेलाच देणार आहे, तिला ती रेघेची तपासणी दाखवून. शेवटचा पेपर झाल्यावर स्वारगेटहून बार्शीची एसटी पकडली, मुलींना अर्धं तिकीट आहेच, मांडीवर आज्जीचा पत्र्याचा डबा, धुऊन उन्हात वाळवलेला. टेंभुर्णीला आईचा फोन आला, आज्जी मागून विचारत होती किती भाकरी उरल्या. एकही नाही म्हणाले. "मग आता शंभर करते," आज्जी म्हणाली, आणि फोन आईकडं न देता ज्वारी दळायला किती टाकायची ते बोलायला लागली.